व्याह्यांच्या कॉफीची चक्की

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की मला कॉफी आवडत नाही. प्यायलो की छातीत जळजळ होते आणि दुपारची झोप जाते. कित्येक रविवार मी छताच्या पंख्याकडे टक्क बघत काढले आहेत, कारण सकाळी कुणीतरी गिऱ्हाईक प्रेमाने म्हणालेलं असतं, "गजाननभाऊ, माझ्या हातची एक घ्याच." तरीही अमरावती आणि अकोल्यात ज्यांना घरी एस्प्रेसो करायची हौस लागली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ओट्यावरची चक्की माझ्या हातून गेलेली आहे. याचा मला अभिमान आहे. थोडा आश्चर्यातला अभिमान, पण आहे.

मी गिरणीवाल्याचा मुलगा. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात वडील पीठगिरणी चालवतात. आता ऐंशीकडे आले तरी चालवतात. त्या गिरणीच्या जिवावर मी अकोल्याला खोली करून राहिलो आणि बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. निकालाच्या दिवशी बाबांनी गिरणी बंद ठेवली. त्याआधी ती फक्त वीज गेल्यावर बंद राहायची.

पुढे मला अमरावतीत घरगुती यंत्रांच्या दुकानात नोकरी मिळाली. मिक्सर, शेगड्या आणि घरघंट्या, म्हणजे घरात ठेवायच्या छोट्या पीठगिरण्या. बाबा कौतुकाने दुकान बघायला आले. ओळीने मांडलेल्या घरघंट्यांवरून त्यांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "एवढा शिकला, अन् शेवटी गिरणीच?" ते हसत म्हणाले, पण मला लागलं. त्यानंतर पंचवीस वर्षं मी त्यांच्याशी पिकांवर बोललो, पावसावर बोललो, गुडघ्यांवर बोललो; धंद्यावर कधी बोललो नाही.

कॉफी आमच्याकडे लॉकडाऊननंतर आली. पुण्या-बंगलोरला नोकरी करणारी मुलं लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या सवयीही परतल्या. एक दिवस एक मुलगा दुकानात येऊन म्हणाला, "एस्प्रेसोसाठी साधा, सुरुवातीचा ग्राइंडर दाखवा." आमचे शेठजी माझ्याकडे वळले. "गजू, तू बी.एस्सी. आहेस ना? हे तू पाह्य." एवढ्या एका पात्रतेवर मी त्या खात्याचा प्रमुख झालो. त्या खात्यात दुसरं कुणी नव्हतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारीक दळलेली कॉफी एका जाळीच्या कटोरीत दाबून बसवायची आणि यंत्राने तिच्यातून गरम पाणी जोराने ढकलायचं. अठरा ग्रॅम कॉफीतून पंचवीस-तीस सेकंदांत दोन-तीन घोट दाट रस आला आणि त्यावर सोनेरी साय धरली की जमलं. दहा सेकंदांत आला तर आंबट पाणी. मिनिटभर लागलं तर कडू काढा. आणि हे सगळं ठरतं दळणावर. लोक मशीनवर पैसे घालतात आणि दळायला घरचा मिक्सर घेतात. मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं. त्यात अर्ध्या कॉफीचा मैदा होतो आणि अर्धी भरड राहते. इथे जात्यासारख्या दोन दातेरी चकत्या लागतात, एक बसलेली, एक फिरणारी, आणि दोघींमधलं अंतर केसाएवढं कमी-जास्त करता आलं पाहिजे. चक्कीवरचे दिवे आणि बटणं म्हणजे वरातीतला बँड. नसला तरी लग्न लागतं.

अकोल्याच्या एका बँक अधिकाऱ्यांना मी हे समजावलं, तर ते म्हणाले, "दोन चकत्याच ना? मग आमच्या गल्लीच्या गिरणीत आहेत की!" आणि ते अर्धा किलो बिया घेऊन खरोखर गिरणीत गेले. त्यांच्या आधी कुणाचं तरी बेसन दळून झालं होतं, त्यामुळे त्यांच्या मशीनमधून पिठलं टपकायला लागलं. त्यांच्यामागे रांगेत सात घरांची ज्वारी होती. त्या सात घरांत भाकरी काळपट आणि कडू झाली, आणि नऊला झोपणारे एक आजोबा पहाटेपर्यंत पेटी वाजवत बसले. गिरणीवाल्याने दारावर पाटी लावली: "येथे मिरची, हळद व साहेबांचे काही दळून मिळणार नाही." साहेब दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि मुकाट्याने चक्की घेऊन गेले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वामनरावांची.

वामनराव वरूडचे, संत्र्याच्या बागा असलेले. साठी ओलांडलेली, धोतर, खिशात अडकित्ता. दुकानात आले आणि पंख्याखालची खुर्ची ओढून बसले.

"कॉफीचं दळन दळाचं यंत्र तुमच्याकडंच भेटते का?"

"भेटते भाऊ. कोनासाठी पाहिजे?"

"व्याह्यासाठी." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जसं कुणी 'ऑपरेशनसाठी' म्हणावं.

मग हकीकत आली. त्यांचा मुलगा पराग बंगलोरला होता. तिथे सोबत काम करणाऱ्या अनुषाशी त्याने लग्न केलं. अनुषाचे वडील शिवण्णा चिकमंगळूरकडचे, त्यांचे कॉफीचे मळे. आता परागला वरूडला येऊन बागा बघायच्या होत्या. अनुषाचं काम संगणकावरचं, ती कुठूनही करू शकत होती, आणि तिची तयारीही होती. पण शिवण्णा म्हणाले होते, "आधी मी घर पाहीन. मग बोलू."

"पाहू द्या ना मंग," मी म्हणालो. "घर काही वाईट नसंन तुमचं."

"घराचं नाई हो. माह्या हातून एक गोष्ट झाली." वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "लग्नात. त्यायच्या मळ्यात मांडव होता. चारी बाजूनं कॉफीची झाडं. दर दहा मिनिटांनी चांदीच्या पेल्यात कॉफी. तिसऱ्या दिवशी माह्यं डोकं इतकं दुखलं, इतकं दुखलं, का मी भर पंगतीत ओरडलो, 'अरे, या गावात चहा नाही का कोनाकडं?' सगळे चूप. बॅन्डबी चूप झाला."

"मंग?"

"मंग व्याही हात जोडून म्हने, मी येईन तुमच्याकडं तवा कॉफीच पिईन. पोरीनं म्हने त्याले सांगतलं होतं, सासरी कॉफी भेटन. आता पुढच्या रविवारी येऊन राहिला. पोराच्या दोस्तायनं लग्नात मशीन देल्ली, ते हाये. बिया व्याह्यानंच पाठोल्या. दळाचं कसं, ते सांगा. तो कॉफी पिऊन तोंड वाकडं करून गेला, त माहा पोरगा बंगलोरलेच राहीन, भाऊ. बागा मग कोनासाठी ठेवू?"

अडकित्ता त्यांनी उगाच उघडला आणि मिटला. मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसलो.

"मिक्सरमंदी फिरवली त?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, उन्हाळ्यात वावराले भेगा पडतात. त्या भेगाळलेल्या जमिनीत पाणी सोडलं त काय होते?"

"भेगेतून सरळ खाली जाते. ढेकूळ कोरडंच."

"मिक्सरमधल्या कॉफीत तेच होते. कुठं भरड, कुठं मैदा. पाणी सोपी वाट धरते अन् पळते."

वामनराव खुर्चीतून उठलेच. "म्हनजे मशागत बराबर नाई झाली त पानी भेगेनं पळते! मंग असं सरळ सांगा ना!"

एस्प्रेसोची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. आता सगळ्या गिऱ्हाइकांना हीच सांगतो, आणि वामनरावांचं नाव घेऊन सांगतो.

किंमत ऐकल्यावर मात्र ते पुन्हा बसले. "मशीन फुकट आली अन् चक्की एवढ्याची?"

"बैल फुकट भेटला म्हणून वखर फुकट भेटत नाही, भाऊ."

मी त्यांच्यापुढे तीन चक्क्या ठेवल्या. पहिली हाताने फिरवायची. थोड्या पैशात चांगलं दळण हवं असेल तर मी नेहमी हीच आधी दाखवतो. मोटारीचे पैसे वाचतात, ते दात्यांत जातात. वामनरावांनी ती मांडीत धरून फिरवली, दहा-बारा वेढ्यांनंतर थांबले आणि विचारात पडले.

"दळते चांगली. पण मले सांगा, व्याही येऊन बसला समोर, अन् मुलाचा बाप त्याच्यापुढं हँडल फिरवून राहिला. शोभते का?"

ग्राइंडर निवडताना दात्यांचा आकार बघतात, मोटार बघतात. मुलाच्या बापाचा मान बघावा लागतो हे मी कुठे वाचलं नव्हतं.

दुसरी विजेची, स्वस्त. तिच्यावर बारीक-जाड करायच्या खुणा लांब लांब होत्या. एका खुणेवर पाणी पळायचं, पुढच्या खुणेवर थेंब पडायचा नाही, आणि आपल्याला हवी ती कॉफी नेमकी दोन खुणांच्या मध्ये राहायची. साध्या कॉफीला ती चालते, एस्प्रेसोला नाही. तिसरी तिच्याहून थोडी महाग, पण तिचं कडं मुंगीच्या पावलाने सरकायचं. घरच्या एस्प्रेसोसाठी पहिली चक्की घेताना एवढी एक गोष्ट बघितली तरी माणूस फसत नाही. वामनरावांनी तिसरी घेतली.

सुटीच्या दिवशी मी ती बसवायला एस.टी.ने वरूडला गेलो. मशीन चालवणार होत्या वामनरावांच्या पत्नी. मी त्यांना वहिनी म्हणू लागलो. वामनराव त्या मशीनपासून चार हात लांब राहत, आणि वहिनी कशालाच बिचकत नसत. मी म्हणालो, "वहिनी, कॉफी मोजून घ्याची. अठरा ग्रॅम." त्यांनी होकार दिला आणि मागच्या खोलीतून गड्याकरवी संत्र्याची खोकी मोजायचा काटा आणवला. अठरा ग्रॅम टाकल्यावर त्याचा काटा श्वासही घेत नव्हता. शेवटी शेजारच्या सोनाराकडून तोळ्याचा काटा आला. चौथ्या कपाला वहिनींच्या हातून अशी साय आली की मी दुकानात सराव केलेल्या चेहऱ्याने पिऊनसुद्धा खरोखर "वा" म्हणालो. कड्यावर मी खूण केली आणि सांगितलं, "हे आता कोनीच हलवाचं नाही."

निघताना वहिनी हळद-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. चक्कीला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, नवं जातं घरात आलं का आमच्याकडं पहिली हळद दळतात. मंग बाकीचं. एवढं करू ना?"

इथे मी चुकलो. मी बी.एस्सी. आहे. हळकुंड दगडासारखं असतं, आणि ही चक्की भाजलेल्या ठिसूळ बियांसाठी केलेली असते, हे मला चांगलं माहीत होतं. 'नाही' हा दोन अक्षरी शब्द. पण आमच्या गिरणीला नवा दगड बसला की आईसुद्धा पहिल्या मुठीला हळद टाकायची, आणि मी लहानपणी तिथे हात जोडून उभा असायचो. ताट हातात घेतलेल्या बाईला 'नाही' म्हणायला मला कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "नावापुरतं वहिनी. नखाएवढा तुकडा."

"हाव, नावापुरतंच," वहिनी म्हणाल्या.

रविवारी सकाळी वामनरावांचा फोन आला. "भाऊ, चक्की बोंबलून राहिली, पन फिरून नाई राहिली. अन् व्याही तिकडं बंगलोरले इमानात बसला. कालच आलेले पराग अन् सूनबाई गाडी घेऊन नागपूरले गेले आनायले."

"वहिनींनी काय टाकलं?"

पलीकडून वहिनींचा आवाज दुरून आला. "पाच टाकले. एक हळकुंड असं कोनी टाकते का? शुभाच्या कामाले पाच लागतात."

मी मिळेल ती एस.टी. धरली. मोर्शीपर्यंत उभ्याने गेलो, पिशवीत पाने-पक्कड, ब्रश आणि एक जुना टूथब्रश. घरी पोहोचलो तेव्हा अंगणात सडा, दाराला तोरण, आणि ओट्यावर चक्की, नवरीसारखी पिवळी. उघडली. दात्यांमध्ये हळकुंडाचे तुकडे पाचरीसारखे ठोकून बसले होते. खिळ्याने, काडीने एकेक उकरला. नशिबाने दाते मोडले नव्हते. पण हळदीची पूड प्रत्येक फटीत शिरली होती, वास तर विचारूच नका. धुवायची सोय नाही. पाणी मोटारीत गेलं तर संपलंच.

अशा वेळी काय करायचं हे कंपनीच्या माहितीपुस्तकात नव्हतं. मिरच्या दळू नयेत एवढंसुद्धा त्यात नव्हतं. लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला वऱ्हाड माहीत नसावं. मी अंगणात आलो आणि बाबांना फोन लावला. मागे गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"बाबा, गिरणीत हळद दळली त मंग साफ कशी कराची?"

"कोनाची गिरणी?"

"वरूडची."

"वरूडचे गिरणीवाले कुठं गेले?"

"लहान गिरणी हाये बाबा. कॉफीची."

"किती हॉर्सपॉवर?"

"बाबा, दुधाच्या कॅनएवढी आहे सगळी मिळून."

"मंग तिले गिरणी कायले म्हनतं लेका?" पण त्यांनी पट्टा बंद करायला लावला, आवाज थांबला. "आयक. तांदूळ टाकू नको, लहान दाते मोडतीन. ज्वारीच्या लाह्या टाक, कोरड्या. मुठीमुठीनं. लाही वास घेऊन जाते. अन् मंग दळन डोळ्यानं पाहू नको, बोटानं पाह्य."

"बरं बाबा."

फोन बंद व्हायच्या आधी ते तिथे दळणाला आलेल्या कुणाला तरी म्हणाले, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा इचारलं पोट्ट्यानं." मला ऐकू यावं म्हणून म्हणाले की नाही, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

वहिनींच्या डब्यात लाह्या होत्या. पहिली मूठ पिवळी धम्मक पडली. दुसरी पिवळी. तिसरी पिवळी. वामनराव परात धरून उभे होते आणि दर मुठीला रंग जाहीर करत होते, जणू निवडणुकीची मतमोजणी चालली आहे. "अजून पिवळी! अजून पिवळी! फिक्कट झाली!" मध्येच परागचा फोन आला की गाडी काटोलला, म्हणजे अर्ध्या वाटेवर, पोहोचली. आठव्या मुठीला लाह्यांचं पीठ पांढरं पडलं.

"हे फेकाचं का?" वामनरावांनी परात दाखवली.

"फेकता कायले? थालीपीठ होईन त्याचं," वहिनी म्हणाल्या. झाल्या प्रकाराबद्दल त्यांच्या तोंडावर काडीचाही पश्चात्ताप नव्हता.

पण खोलून बसवलेल्या चक्कीची जुनी खूण उपयोगाची राहत नाही. दाते केसभर इकडेतिकडे बसतात आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं. डब्यात बिया उरल्या होत्या जेमतेम चार कपांच्या. पहिला कप केला: आठ सेकंदांत पाणी पळालं. वामनराव म्हणाले, "भेग!" कडं फिरवलं, दुसरा केला: मशीन कण्हली, थेंब नाही. आता दोनच कप उरले. एक व्याह्यांचा, एक सुनेचा. आणि पराग जलालखेड्याला आला होता. तिथून वरूड किती जवळ ते वरूडच्या माणसाला सांगायला नको.

मग मी बाबांचं ऐकलं. पाच-सहा बिया टाकल्या, जरा दळल्या आणि चिमटीत घेतल्या. डोळे मिटले. लहानपणी बाबा गिरणीच्या तोंडाशी अंगठा आणि बोट घासून सांगायचे, हे भाकरीचं, हे घाट्याचं, हे अजून जाड आहे. माझ्या बोटांनी ते कधी शिकून घेतलं मला ठाऊक नाही. शाळेत तर नक्कीच नव्हतं. जाड होतं. कडं मुंगीभर सरकवलं, पुन्हा चार बिया. भाकरीच्या पिठाहून किंचित खरखरीत. इथेच. मी डोळे उघडले तर वामनरावही डोळे मिटून हात जोडून उभे होते.

बाहेर हॉर्न वाजला.

शिवण्णा उंच, शांत, पांढरी लुंगी नेसलेले. त्यांच्यामागे पराग आणि अनुषा. पाणी झालं, नमस्कार झाले, बागेविषयी दोन शब्द झाले. मी 'दुकानातले गजाननभाऊ' म्हणून ओट्याजवळ उभा होतो. वहिनींनी पदर खोचला, सोनाराच्या काट्यावर अठरा ग्रॅम मोजले, चक्की सुरू केली, कॉफी दाबली, कळ ओढली. मी मनात मोजत होतो. पाच. सहा. पहिला थेंब. उंदराच्या शेपटीसारखी धार. सत्तावीसला वहिनींनी कळ सोडली. वर जी साय होती तशी मी कधी पाहिली नव्हती. सोन्यासारखी. जरा जास्तच सोन्यासारखी.

शिवण्णांनी कप नाकाशी नेला आणि तिथेच थांबवला. एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"इसमें कुछ है," ते म्हणाले.

अनुषाने नवऱ्याकडे पाहिलं, पराग बापाकडे पाहू लागला, आणि वामनरावांचा धीर सुटला. "हवा हाये ती! हमारे इधर हवाच ऐसी है. संत्रे की."

शिवण्णांची नजर चक्कीकडे गेली. झाकण पिवळं होतं, वर कुंकवाचं बोट होतं.

"हल्दी है, भाईसाब," वहिनी पुढे आल्या. "मैंने डाली. पाच हळकुंड. नया जाता घर में आया तो जिसका जाता, उसके नाम से पयली हल्दी पिसते हमारे में. ये अनुषा का जाता है." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ये भाऊ एकच डालो बोले थे. मैंने नाई सुना. उनकू कुछ मत बोलना."

अनुषाने ते वडिलांना कानडीत सांगितलं. शिवण्णा ऐकत राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि एवढा उंच माणूस खुर्चीत वाकून हसू लागला. हसणं ओसरल्यावर त्यांनी जे सांगितलं ते अनुषाने आम्हाला सांगितलं. त्यांच्याकडे तोडणीच्या पहिल्या दिवशी कॉफीची फळं सोलायच्या यंत्राची पूजा करतात आणि त्यावर कोहळा फोडतात. एका वर्षी अर्धा कोहळा यंत्रात पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तो माल गेला आणि खरेदीदाराचं पत्र आलं: यंदाची कॉफी फार सुरेख, काहीतरी वेगळाच फळाचा स्वाद आहे, पुढच्या वर्षीही असाच माल पाठवा.

"मंग पाठवला का?" वामनरावांनी विचारलं.

"हर साल एक कोहळा," शिवण्णा गंभीरपणे म्हणाले, आणि कप उचलून तळापर्यंत प्यायले. वहिनींनी दुसरा कप केला, तो अनुषाने पूर्ण संपवला. मग शिवण्णांनी गाडीतून नव्या बियांची पिशवी मागवली, आणि तिच्यासोबत एक पुडा आला, तो त्यांनी दोन्ही हातांनी वामनरावांना दिला. निलगिरीचा चहा होता. वामनरावांना तो पुडा कुठे ठेवावा समजेना. जेवण होईपर्यंत ते तो काखेतच घेऊन फिरत होते. जेवायला त्या दिवशी थालीपीठही होतं. पिवळं.

बागा बघून झाल्यावर शिवण्णा निघाले, त्यांना नागपूरला मुक्काम करायचा होता. फाटकाशी ते अनुषाला कानडीत एक वाक्य बोलले. ती हसली, डोळे पुसले आणि काही सांगेना. गाडी वळताच वामनरावांनी माझा दंड धरला.

"तुमी बी.एस्सी. आहा. काय म्हनला तो?"

"भाऊ, बी.एस्सी.ले कानडी नव्हती."

शेवटी अनुषानेच तिच्या नव्या मराठीत सांगितलं. "अप्पा म्हणाले, पुढच्या महिन्यापासून बिया बंगलोरला नाही, इथल्या पत्त्यावर पाठवतो."

वामनरावांनी फाटकाची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

त्यानंतर मी प्रत्येक नव्या चक्कीसोबत लाह्यांची एक पुडी देतो आणि गिऱ्हाइकाच्या घरातल्या बाईंना समक्ष सांगतो की पूजा बाहेरून करावी. शेठजी हसतात. बाबांना मी आता दर आठवड्याला फोन करून एखादी तरी अडचण विचारतो. नसली तर शोधून काढतो.

मागे वरूडला एका घरघंटीच्या कामाने गेलो तेव्हा वामनरावांकडे डोकावलो. चक्कीचं झाकण अजून पिवळं होतं. पराग बागेत होता, अनुषा आत संगणकावर. वामनराव ओसरीवर चहा पीत बसले होते, निलगिरीचा. मी विचारलं, "भाऊ, कॉफी शिकले का नाही अजून?"

"नाई बा. ते कडू आपल्याले जमत नाई." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "पन सकाळी तिकडून चक्कीचा आवाज आला ना, का समजते, पोरं घरी हायेत."